धडकेचा स्विच

“बाबा, हा स्विच कापू का?”

धाकटी डिकीत अर्धी आत होती. तिचे नुसते पाय बाहेर दिसत होते. म्हातारा मिस्त्री स्टुलावर बसून काढलेल्या जुन्या पंपाची जाळी पुसत होता. त्याचा हात थांबला.

गाडी जुनी, इंजिन नवं आणि मालक दातांचा डॉक्टर. त्याने दुप्पट ताकदीचं इंजिन आणून टाकलं होतं आणि त्या इंजिनाची तहानही तशीच होती. कंपनीची टाकी तीच ठेवायची, आत मोठा पंप बसवायचा, जास्त दाब सोसणारा पाइप पुढे न्यायचा, उरलेलं पेट्रोल मागे आणायला दुसरा पाइप टाकायचा. धाकटीने चार दिवसांत हे सगळं चोख उरकलं होतं. प्रत्येक क्लिप तीन-तीनदा आवळून पाहिली होती. घोडं अडलं होतं त्या काडेपेटीएवढ्या स्विचपाशी. गाडीला धडक बसली की तो पंपाची वीज तोडतो. पण कंपनीने तो लहान पंपासाठी दिलेला. मोठ्या पंपाचा भार त्याला झेपत नाही, तो तापतो आणि साध्या खड्ड्यातही गाडी बंद पाडतो.

“डॉक्टर म्हणतात, काढून टाका आणि वायरी सरळ जोडा. सगळे तसंच करतात म्हणे.”

“राहू दे.”

असा स्विच आला की ती दरवेळी विचारायची आणि तो दरवेळी एवढंच म्हणायचा. पुढे विषय वाढत नसे.

“का?” आज तिने विचारलं.

म्हाताऱ्याने जाळी बाजूला ठेवली. अकरा वर्षांपूर्वी त्यानेही सगळ्यांसारखंच केलं होतं, थोरल्याच्या गाडीत. पोरगा नव्या इंजिनासाठी उतावीळ झाला होता. गाडी दोनदा खड्ड्यात बंद पडली, तेव्हा बापाने स्विच उपटला, दोन्ही वायरी पिळल्या आणि जोडावर मेणाचा दोरा गुंडाळला. जोडाला दोरा गुंडाळायची खोड साऱ्या गावात एकट्या त्याचीच. आठवड्याने थोरला ट्रकवर आदळला. गाडी पुढून पेटली. डिकी तेवढी शाबूत राहिली. तपासाला आलेल्या साहेबाला इंजिनजवळच्या पाइपाची क्लिप सुटलेली सापडली. ती धाकटीने बसवली होती.

खापर फोडायला डोकं आयतंच मिळालं. तसल्या धडकेने कुणाचीही क्लिप सुटली असती. पंप थांबला असता तर पेलाभर पेट्रोल सांडलं असतं आणि पोरगा दार उघडून बाहेर आला असता. बापाला हे सगळं कळत होतं आणि त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली. वर तिसऱ्या दिवशी पक्कड घेऊन त्या सांगाड्यापाशी गेला, तर जोडाचा तुकडा कुणीतरी आधीच कापून नेला होता. तांब्याचा भुरटा चोर असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली. त्याला चक्क हायसं वाटलं. त्याची लाज त्याला अजून वाटते.

बायकोने मात्र लेकीशी बोलणं टाकलं. एका छपराखाली राहून अकरा वर्षं. शेवटच्या दुखण्यातही धाकटी औषध घेऊन आली की ती भिंतीकडे तोंड फिरवायची. मग चमचा बापाच्या हातात यायचा. तो उशाशी बसून रोज ठरवायचा, आज सांगू. दोन महिन्यांपूर्वी ती तशीच गेली.

“बाबा, का ते सांगा. नाहीतर मी कापते.”

डिकीत पक्कड उघडल्याचा आवाज आला.

“थांब!” तो स्टूल पाडतच उठला. “स्विचमधून फक्त रिलेची बारीक वायर घे. पंपाची जाडी वायर रिलेतून वेगळी ओढ, सगळा भार तो रिले झेलेल. म्हणजे स्विच तापणार नाही आणि धडक बसली की पंपही थांबेल. अर्ध्या तासाचं काम आहे. थोरल्यासाठी मी तो अर्धा तास दिला नाही. वायरी मी जोडल्या होत्या. दोष तुझ्या क्लिपचा नव्हता, पोरी. माझा होता.”

धाकटी डिकीतून बाहेर आली. तिने ओरडावं, पाना फेकून मारावा, काहीही करावं, असं त्याला वाटत होतं. तिने फडक्याला हात पुसले. हत्यारांच्या पेटीचा सगळ्यात खालचा कप्पा ओढून एक पत्र्याची डबी काढली आणि उघडून त्याच्यापुढे धरली.

आत बोटभर वायर होती. जोडावर दोरा गुंडाळलेला, मेण काळं पडलेलं.

म्हाताऱ्याने आपला दोरा ओळखला.

“कधी कापलीस?”

“दुसऱ्याच दिवशी. तुमच्या आधी.”

“मग आईला का नाही दाखवलीस? अकरा वर्षं तिने तुला...”

धाकटीने डबी मिटली, त्याच्या हातात ठेवली आणि त्याची बोटं तिच्यावर दुमडली.

“तिचा मुलगा गेला होता, बाबा. म्हटलं, नवरा तरी राहू दे.”