नळीचा बाक

“ही नळी वाकवली कोणी?” तिच्या उत्पादनाच्या करारासाठी कॉलेजात आलेल्या कंपनीच्या साहेबांनी विचारलं.

वर्कशॉपमधले तातोबा मेस्त्री पुढे आले. “माझ्याच हातून चुकलं, साहेब. ड्रॉइंगपेक्षा जरा जास्त वाकली.”

“अहो, त्या बाकामुळेच ती तान्ह्या बाळाच्या घशात न टोचता उतरते!” नळीचं डिझाइन करणाऱ्या प्राध्यापक बाई म्हणाल्या. साहेब हसले. पेटंटच्या इंग्रजी अर्जात बाईंच्या नावाखाली संशोधक म्हणून मेस्त्रींचंही नाव टाकून त्यांनी तो पुढे सरकवला. “इथं सही करा.”

मेस्त्रींना काही उमगेना. हसतायत, मग कागद कशाला? तीस वर्षांत त्यांच्यापुढे सहीला आला तो फक्त चुकीबद्दलचा मेमो. त्यांनी सही केली आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘पुन्हा अशी चूक होणार नाही.’