लाल धागा

“उसवू नका हं,” ती दारातूनच म्हणाली. पण नापासरावांनी शेवटच्या टाक्यातून क्रोशाची सुई काढून घेतली होती आणि मोकळा धागा चिमटीत धरला होता. शेजारी सोफ्यावर त्यांची लोखंडी पट्टी पडली होती.

तिच्या नवऱ्याला हे नाव कारखान्यातल्या लोकांनी दिलेलं. जन्मभर त्यांनी तयार माल तपासला. ज्या नगात खोट दिसेल त्यावर लाल ठिपका द्यायचा आणि नग बाजूला काढायचा. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा ते स्वयंपाकघरात येऊन डब्यांची झाकणं घट्ट बसतात का ते बघू लागले. शेवटी कावून तिनेच त्यांच्या हातात सुई आणि लोकर दिली. लेकीला दिवस गेलेत, बाळासाठी पांघरूण विणा म्हणाली. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेतला, असं ती आता शेजारणीला सांगत असे.

कारण पांघरूण काही होईना. टाका सैल दिसला, उसवलं. कड तिरकी वाटली, उसवलं. बाळ जन्माला आलं, पालथं पडायला लागलं, आणि आजोबांचं पांघरूण टॉवेलाएवढं होऊन पुन्हा पुन्हा गुंड्यात जात राहिलं. लेक आधी फोनवर चौकशी करायची, मग तिने विचारणंच सोडलं. परवा एवढंच म्हणाली, “राहू दे गं आई. माझं काही बाबांच्या पसंतीला उतरलंय का कधी?” ते आईच्या जिव्हारी लागलं. आज लेक बाळाला घेऊन पहिल्यांदा येणार होती, आणि आज काही झालं तरी हे पांघरूण तिच्या हातात पडायलाच हवं होतं.

तसं ते काल विणून झालं होतं. धागा कापून गाठ मारायची तेवढी राहिली होती.

“आता काय सापडलं?” तिने विचारलं.

त्यांनी खालची कड तिच्यापुढे धरली. अगदी सुरुवातीच्या ओळीत एक टाका सुटला होता आणि तिथे बाळाचं बोट जाईल एवढं भोक पडलं होतं. जागा हरवू नये म्हणून त्यांनी तिथे लाल लोकरीचा तुकडा बांधून ठेवला होता.

क्रोशाचं विणकाम उसवतं ते शेवटच्या टोकाकडून. सुरुवातीची चूक काढायची तर सगळं पांघरूण उसवायला हवं. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं. ती त्यांना परोपरीने सांगत होती की पोर एवढ्यात येऊन ठेपेल, त्या भोकातून काही थंडी शिरत नाही, आणि शिरलीच तर बाळाची आई बघून घेईल. ते म्हणाले, सदोष माल बाहेर जाणार नाही.

माल म्हणे. तिच्या डोक्यात तिडीक गेली. तेवढ्यात खाली गाडीचं दार वाजलं. तिने एका हाताने त्यांचं मनगट धरलं, दुसऱ्या हाताने टोपलीतली कात्री उचलून धागा कापला, टोक शेवटच्या टाक्यातून ओवलं आणि करकचून ओढलं. गाठ बसली.

“आता उसवून दाखवा,” ती म्हणाली.

लाल तुकडाही काढून टाकायचा होता, पण घंटी वाजली.

लेकीने आल्या आल्या बाळाला आजीच्या हातात दिलं. मग तिला खुर्चीवरचं पांघरूण दिसलं. तिने ते उचललं, गालाला लावलं, हसली. कडेवरून बोट फिरवता फिरवता ते लाल धाग्यापाशी थांबलं. लाल म्हणजे काय, हे तिला सांगायची गरज नव्हती. तिच्या शाळेतल्या चित्रांवरही बाबांनी तो ठिपका दिला होता.

“बाबा, हे कशाला?”

आई बाळाला घेऊन सोफ्यावर मटकन बसली. या माणसाला थाप मारता येत नाही, हे तिला पुरतं माहीत होतं. नको असलेलं माणूस दारात आलं तरी हे आतून ‘आहोत, आहोत’ म्हणून ओरडत. आता खोट कुठे आहे, कशी राहिली आणि कुणी उसवू दिलं नाही, सगळं साग्रसंगीत ऐकावं लागणार.

नापासराव लेकीकडे बघत राहिले. ती पांघरुणाची घडी घालून ते खुर्चीवर परत ठेवायला निघाली होती.

“नक्षी आहे ती,” ते म्हणाले.

“एकच?”

“बाकीची राहिलीय. दे इकडे.”

त्यांनी पांघरूण तिच्याकडून घेतलं, लाल लोकरीचे तुकडे कापले आणि कडेने एकेक बांधायला सुरुवात केली. जिथे टाका न् टाका बरोबर होता, तिथेच. दर तुकड्यापाशी त्यांचा हात जरा अडखळत होता. लेक त्यांच्या गुडघ्याशी खाली बसून कड धरून राहिली.

चारपाच तुकडे बांधून झाल्यावर त्यांनी सोफ्यावर इकडेतिकडे चाचपलं.

“माझी पट्टी कुठेय? अंतर सारखं यायला हवं.”

पट्टी बायकोच्या खाली होती आणि चांगलीच रुतत होती. ती नातीला घेऊन तशीच बसून राहिली.