हात स्थिर ठेवा

चहा सांडला तेव्हा कप दोघींच्याही हातात होता. स्नेहा देत होती, तिच्या सासूबाई भागिरथाबाई घेत होत्या. थोडा बशीत, थोडा सतरंजीवर, आणि चार थेंब उत्कर्षच्या दुपट्यावर.

स्नेहा तडक आत नवऱ्याकडे गेली.

"पाहिलं? आईंचा हात थरथरते. परवा वरण भरवतानाही तसंच. वाटी मी धरलेली, चमचा त्यांच्या हाती. अर्धं वरण लेकराच्या गळ्यात."

विनोदने लॅपटॉपमधून मान न काढता "हं" केलं.

सोमवारपासून स्नेहा मंगरूळपीरला शाळेवर रुजू होणार होती. आठ महिन्यांचा उत्कर्ष इथे आसेगावला आजीजवळ राहणार होता. आजीच त्याला तेल लावणार, पायांवर घेऊन आंघोळ घालणार. तेलाचं लेकरू, ओली न्हाणी. डोळे मिटले की स्नेहाला तेवढंच दिसे.

"नाहीतर मी नोकरीच धरत नाही," ती म्हणाली.

विनोद मंगरूळपीरला कॉम्प्युटरचे क्लास चालवायचा. तिथल्या पोरांना हाताशी धरून त्याने बाजारातल्या लोकरी हातमोज्यांत बोटाबोटाला सेन्सर शिवले होते. मोजा घालून हात हवेत फिरवला की कॉम्प्युटर ऐके, माऊसची गरजच नाही. दोन तयार होते, एक लाल, एक निळा, दोन्ही उजव्या हाताचे.

"याच्यात हात जरासा कापला तरी समजते," तो म्हणाला. "मायले खेळ म्हणून घालू. तू पण घाल, नाहीतर तिले डाऊट येईन. लाल तिले देजो, निळा तुले."

बाहेरच्या टीव्हीवर त्याने उत्कर्षचे फोटो लावून दिले आणि स्वतः लॅपटॉप घेऊन आतच बसला. मायच्या हाताची थरथर मायलाच दिसायला नको.

स्नेहाने बाहेर येऊन मोजा पुढे केला.

"हे काय वं, थंडीचं?" भागिरथाबाई हसल्या. "अन् लाल कायले? निळा असताना मी लाल घालू काय? जयंतीच्या मिरवणुकीत पहिल्या रांगेत असतो आमी. आण इकडं."

त्यांनी तो हिसकावूनच घेतला. स्नेहाचं लक्ष त्यांच्या बोटांकडे होतं. कापतात का? लोकरीत शिरताना नीट दिसेना. तिने उरलेला आपल्या हातात चढवला.

भागिरथाबाईंनी हात हवेत असा फिरवला, जशी ताटावरची माशी हाकलावी. टीव्हीवरचा फोटो सरकला.

"बापा! विन्या, तुया क्लासात मास्तरीण म्हणून ठेव रे मले!"

"ठेवतो, माय. आता हात समोर धर," आतून विनोद ओरडला. "स्नेहा, तू पण. मी म्हणेपर्यंत हलवू नका."

दोघींनी हात समोर धरले. खाली सतरंजीवर उत्कर्ष अंगठा चोखत पडला होता. भागिरथाबाई त्याला जीभ काढून दाखवत होत्या. स्नेहा एकटक सासूच्या हाताकडे पाहत होती. हलला. नाही, आत्ता हलला. तिने श्वाससुद्धा रोखून धरला होता.

"झालं," विनोद म्हणाला. आणि जरा थांबून, "स्नेहा, आत ये बरं."

ती उठली तशी मागून भागिरथाबाई म्हणाल्या, "सोमवारी निवांत जाजो, पोरी. माह्या हातून लेकरू सुटत नाही."

स्नेहाला भरून आलं. आता यांना हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

आत विनोद स्क्रीनपाशी वाकून बसला होता. दोन रेषा होत्या. एक पट्टीने आखल्यासारखी सरळ. दुसरी करवतीच्या दात्यांसारखी.

"तुयंच बरोबर होतं," तो मान वर न करता हळूच म्हणाला. "निळा जागचा हलला नाही. अन् हा लाल पाह्य. या हातात लेकरू कसं द्याचं? मायले तू सांगशील, का मी सांगू?"

स्नेहा आपल्या उजव्या हातातला लाल मोजा काढत होती. एकेक बोट धरून ओढलं, तरी तो लवकर निघेना.