बाईंचा अंगठा

विधान परिषदेला आमचा उमेदवार एका मताने पडला आणि माझं डोकंच चालेना. ज्या नगरसेवकांचा भरवसा नव्हता, त्यांच्याकडून मी आधीच 'लिहिता-वाचता येत नाही' असे अर्ज घेतले होते. म्हणजे त्यांची मतपत्रिका भरायला आपला माणूस आत जातो. निवृत्त मुख्याध्यापिका इंगवलेबाईंनीही मुकाट्याने अंगठा उठवला होता. त्यांच्यासोबत तर माझा सख्खा मेहुणा सुधाकर गेला होता.

मोजणीत एकच मत बाद झालं. आमच्याच उमेदवाराच्या नावापुढे, पण आकड्याऐवजी अक्षरात 'एक' लिहिलेलं. आणि अक्षर सुधाकरचं!

"दाजी, बाईच म्हणाल्या, चेकवर लिहितात तसं अक्षरात लिही," सुधाकर रडकुंडीला आला. "शाळेपासून त्यांचं ऐकायची सवय."

मी तडक बाईंचं घर गाठलं.

"बाई, फक्त आकडाच लिहायचा, असा हा एवढा मोठा कागद भिंतीवर लावला होता. दिसला नाही तुम्हाला?"

"दिसला की," बाई म्हणाल्या. "पण मला वाचता कुठे येतं?"