लाल पेनाचा खुराक

पत्र कितीही नेटकं असो, एखादी चूक काढल्याखेरीज साहेब सही करायचे नाहीत. चूक नाहीच सापडली, तर सगळा मजकूर बदलायला लावायचे. अखेर टायपिस्टबाईंनी संगणकात एक मॅक्रो बसवला. बटण दाबलं की पत्र झरझर मांडलं जायचं, फक्त तारीख तेवढी एका दिवसाने चुकायची.

साहेबांचं लाल पेन रोज तृप्त होऊ लागलं. "बाई, मी नसतो तर कसं झालं असतं हो तुमचं?"

"खरंय साहेब," म्हणत बाई गालातल्या गालात हसायच्या आणि वेळेवर घरी जायच्या.

अशी नऊ वर्षं गेल्यावर बाईंचं नाव बढतीसाठी निघालं. साहेबांनी शेरा लिहिला आणि टाइप करायला बाईंकडेच दिला.

 

'स्वभावाने गोड आहेत, पण नऊ वर्षांत एकाही पत्रावर धड तारीख घालता आलेली नाही. बढती देऊ नये.'