एवारिस्तोची हाळी

मक्याच्या पिठाचे उकडलेले तमाले विकता विकता घसा बसायला लागला, तेव्हा एवारिस्तोने आपली हाळी एकदाच टेप करून सायकलगाडीच्या कर्ण्यावर लावली. पुढे तो वारला, पण तोवर प्वेब्ला शहरातल्या निम्म्या तमालेवाल्यांनी ती टेप उतरवून घेतली होती. रोज सकाळी सातला "तमालेऽऽ घ्या, गरमागरम तमालेऽऽ" करत मेलेला नवरा डेल्फिनाच्या खिडकीखालून जायचा. ती कडी काढायला उठायची आणि अर्ध्या वाटेत कपाळावर हात मारून परतायची.

दोन वर्षांनी ती वैतागली. "हा माणूस मला धड विधवासुद्धा होऊ देत नाही," म्हणत तिने ट्रंक भरली आणि लांब बेराक्रूसला जाऊन खोली घेतली.

तिथे सकाळी सातला नुसती समुद्राची गाज. पहिल्या दिवशी तिला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी ती सहालाच उठून खिडकीशी बसली. तिसऱ्या दिवशी घास घशाखाली उतरेना.

"कोणाची वाट बघताय, बाई?" घरमालकीण रेमेदियोसने विचारलं.

"कोणाची नाही."

चौथ्या दिवशी गल्लीच्या टोकाकडून तीच हाळी आली.

"आली एकदाची," रेमेदियोस पायात चपला सरकवत म्हणाली. "आमची तमालेवाली तापाने पडली होती. तिच्या टेपमधला हा काका ओरडल्याशिवाय आमच्या गल्लीला जाग येत नाही. कोण कुठला, देव जाणे."

डेल्फिना अनवाणीच धावली आणि कमरेवर हात ठेवून गाडीच्या कर्ण्यासमोर उभी राहिली.



"तीन दिवस कुठे उलथला होतास?"