महिन्याचे शेवटचे तीन दिवस

"सभागृहात थ्री-फेज कनेक्शन आहे ना? आमची मोठी करवत साध्या प्लगवर चालत नाही," तिनं फोनवर विचारलं.

पलीकडे सुतार संघटनेचे चिटणीस होते. म्हातारे, पण आवाज खणखणीत. "सगळं आहे हो ताई. चाळीस सुतार येतील. तुम्ही निर्धास्त राहा."

निर्धास्त राहणं तिला कसं जमावं? या चिटणिसांचं पत्र सकाळी टेबलावर आलं होतं, आणि तेव्हापासून तिचं कशातच लक्ष नव्हतं.

अवजारांच्या कंपनीत ती वेळापत्रक आखायची. विजेचे रंधे, करवती, ड्रिल भरलेल्या चार गाड्या गावोगाव फिरायच्या. प्रत्येक गाडीवर एक डेमोवाला. कुठली गाडी कुठल्या दिवशी कुठल्या सुतारांसमोर उभी राहील, हे ती ठरवायची. ज्या गावांत तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं, तिथल्या सभागृहांना पायऱ्या किती, हे तिला तोंडपाठ होतं. तीन नंबरच्या गाडीवर तिचा नवरा होता.

लेक लग्न होऊन दूर गेली, तेव्हापासून घरात दोनच माणसं उरली होती. त्यातलं एक कायम रस्त्यावर. म्हणून तीन नंबरच्या कागदावर ती दर महिन्याचे शेवटचे तीन दिवस मोकळे ठेवायची. रकाना कोरा ठेवला तर साहेब विचारणार. मग ती तिथं लिहायची, 'गाडीची देखभाल'. बाकीच्या गाड्यांची देखभाल एका दिवसात उरकायची. तीन नंबरचीच तेवढी नाजूक.

पण दर महिन्याला नेमकं त्याच तीन दिवसांसाठी कुठून तरी पत्र यायचं. आमच्याकडे या, सुतार वाट बघताहेत. मागणीचं पत्र आलं की नाही म्हणायचं नाही, हा कंपनीचा नियम. मुकाट्यानं ती 'गाडीची देखभाल' खोडायची आणि गावाचं नाव लिहायची. सात महिने झाले, तो घरी आला नव्हता. नशीब हात धुऊन मागं लागलंय, असंच तिला वाटायचं.

"पुढच्या आठवड्यात नाही का चालणार?" तिनं चिटणिसांना विचारलं. आजवर असं तिनं कुणालाच विचारलं नव्हतं.

"आम्हाला काय, कधीही चालेल. या तारखा तुमच्याच माणसानं सांगितल्या."

"कुठल्या माणसानं?"

"तीन नंबरच्या गाडीवाल्यानं. मागं शेजारच्या गावात आला होता. म्हणाला, काका, या तीन दिवसांसाठी एक पत्र टाका."

तिच्या हातातलं पेन थांबलं. "असं का म्हणाले ते?"

"आता काय सांगायचं, ताई. मी म्हटलं, अरे, गाडी दुरुस्तीला जातेय तर तू घरी जा की. चार घास घरचे खा. तर म्हणाला, काका, ते दिवस गाडीसाठी राखलेत, माझ्यासाठी नाहीत. घरी गेलो तर बायको दोन शब्द बोलत नाही. पाहुण्यासारखा बसतो आणि परत येतो. कुणी ये म्हटल्याशिवाय किती वेळा जायचं?" चिटणीस जरा घुटमळले. "भला माणूस आहे हो. एकटा पडलाय. तुमच्या कंपनीनं बघायला पाहिजे."

"बघते," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

दिवसभरात चाळीस-पन्नास फोन व्हायचे. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत तिचा घसा बसलेला असायचा. सात महिन्यांपूर्वी तो आला होता, तेव्हाही तिनं गरम पाण्याचा पेला हातात घेतला होता आणि त्याच्या शेजारी नुसती बसून राहिली होती. कुणाला काही विचारायचं नाही, काही सांगायचं नाही. वर्षभरात तेवढाच काय तो तिला विसावा मिळाला होता. दुसऱ्या दिवशी तो उठला, गाडीचं काहीतरी बघायचंय म्हणाला आणि निघून गेला. जाताना दारात क्षणभर रेंगाळला होता. चप्पल सापडत नसेल, असं तिला वाटलं होतं.

तिनं तीन नंबरला फोन लावला. रंध्याच्या घरघरीतून त्याचा आवाज आला.

"बोल. शेवटच्या तीन दिवसांचं पक्कं झालं का? पत्र आलं असेल."

"आलंय. मी त्यांना नकार कळवणार आहे."

"अगं, नियम आहे ना, पत्र आलं की..."

"नियम मला नका शिकवू. मीच सांगत असते तो सगळ्यांना."

शेजारच्या टेबलांवरचे दोघे कारकून टायपिंग थांबवून तिच्याकडे बघू लागले. कचेरीत ती नवऱ्याशी बोलायची ती वेळ, गाव, सभागृह एवढंच. तेही बाकीच्या तिघांशी बोलावं तसं.

"मग गाडी देखभालीला टाकू?" त्यानं विचारलं.

"गाडीला काय धाड भरलीय? ते दिवस गाडीचे नव्हतेच. कधीच नव्हते."

पलीकडची घरघर बंद झाली. त्यानंच बटण दाबलं असावं.

"मग कुणाचे होते?" त्यानं हळूच विचारलं.

तिनं पाठ कारकुनांकडे केली नाही, आवाजही खाली आणला नाही.

"माझे," ती म्हणाली.